ऐसपैस ‘ॲक्वेमिनाय’ : एका दक्षिणी रॅप अल्बमचे बळ आणि त्याचे ओझे

२९ सप्टेंबर १९९८ या एकाच दिवशी अमेरिकेतल्या दुकानांत रॅपचे अनेक गाजलेले अल्बम दाखल झाले. जे-झी, ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’, ‘ब्लॅक स्टार’ ही त्यांतली बहुतेक नावे न्यूयॉर्कची होती. अपवाद होता तो अटलांटाच्या आंद्रे बेंजामिन आणि बिग बॉय या दोघांच्या ‘आउटकास्ट’ गटाचा आणि त्यांच्या ‘ॲक्वेमिनाय’ या तिसऱ्या अल्बमचा. विक्रीच्या साप्ताहिक यादीत जे-झी पहिला आला आणि ‘ॲक्वेमिनाय’ दुसरा. पुढे वर्षभराच्या आतच त्याच्या विक्रीने २० लाखांचा टप्पा गाठल्याचे अधिकृतपणे नोंदवले गेले, समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि आज दक्षिणेकडच्या रॅपचा विषय निघाला की पहिल्या दोन-चार नावांत हे नाव येतेच. एवढी कीर्ती झालेल्या अल्बमची एक अडचण असते. नवा श्रोता तो मोठ्या अपेक्षेने लावतो, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी त्याचे लक्ष भरकटते, आणि उणीव आपल्याच कानांत असावी अशी तो समजूत करून घेतो. माझ्या मते उणीव दर वेळी त्याच्या कानांत नसते. हा अल्बम ऐसपैस आहे, त्याला कसलीही घाई नाही. त्याची सर्वांत चांगली गाणी या स्वभावातून जन्मली आहेत आणि तो जिथे रेंगाळतो तिथेही हाच स्वभाव कारणीभूत आहे. हे पटण्यासाठी आधी दक्षिणेचा रॅप म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावे लागेल.

रॅपचा जन्म १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस हे त्याचे दुसरे मोठे केंद्र बनले. मासिके, रेडिओ आणि रेकॉर्ड कंपन्यांची कार्यालये या दोन शहरांत होती, त्यामुळे चांगले काय आणि गावंढळ काय याचा निवाडाही तिथेच होत असे. जॉर्जिया, टेक्सस, लुइझियाना, टेनेसी, फ्लोरिडा या दक्षिणेकडच्या राज्यांत रॅप नव्हता असे मुळीच नाही. मायामीत नाचासाठीचा धडधडता ‘बेस’ प्रकार होता, ह्यूस्टनमध्ये ‘गेटो बॉइज’ होते, मेम्फिसमध्ये कॅसेटवर हातोहात विकले जाणारे भेसूर, काळेकुट्ट रॅप होते. पण दक्षिणेतले शब्द ओढून बोलणे, शेवटची अक्षरे गिळणे, हे उत्तरेकडच्या श्रोत्यांना अडाणीपणाचे लक्षण वाटे. वऱ्हाडी किंवा मालवणी बोली मराठी रंगभूमीवर बराच काळ मुख्यतः हशा मिळवण्यासाठी वापरली गेली आणि त्या बोलीत कोणी गंभीर विचार मांडेल अशी फारशी अपेक्षाच नव्हती. दक्षिणी उच्चारांची रॅपमध्ये साधारण तीच गत होती.

आउटकास्टला याचा अनुभव जाहीरपणे आला. ‘द सोर्स’ हे त्या काळी रॅपचे सर्वांत वजनदार मासिक होते. १९९५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या त्याच्या पुरस्कार सोहळ्यात आउटकास्टला नव्या गटाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा सभागृहातून हुर्यो उडवली गेली. आंद्रे बेंजामिन तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. त्याने ध्वनिक्षेपकासमोर दक्षिणेलाही काही सांगायचे आहे, एवढेच सुनावले आणि तो खाली उतरला. तीन वर्षांनी याच प्रसंगाचे ध्वनिमुद्रण ‘ॲक्वेमिनाय’च्या अखेरच्या ‘चाँकीफायर’ या गाण्याच्या शेवटी जोडलेले ऐकू येते. याच मासिकाने त्यांच्या १९९४ च्या पहिल्या अल्बमला पाचापैकी साडेचार ‘माइक’ (अल्बमला गुण देण्याचे त्या मासिकाचे माप) दिले होते. ‘ॲक्वेमिनाय’मधल्या ‘स्क्यू इट ऑन द बार-बी’ या गाण्यात बिग बॉय तो उरलेला अर्धा माइक उघड मागतो, आणि त्याच गाण्यात न्यूयॉर्कच्या ‘वू-टँग क्लॅन’चा रेक्वॉन पाहुणा म्हणून येतो. अल्बमला पाच माइक मिळाले. मागणी करायची आणि ती ज्या गाण्यात करायची तेच गाणे तिच्या योग्यतेचे करून दाखवायचे, हा आत्मविश्वास या अल्बमच्या पहिल्या अर्ध्या भागात सर्वत्र जाणवतो.

या आत्मविश्वासाची जडणघडण एका तळघरात झाली. अटलांटाच्या लेकवूड भागात रिको वेड या निर्मात्याच्या आईचे घर होते आणि त्याच्या तळघराला फरशी नव्हती, जॉर्जियाची तांबडी माती तशीच उघडी होती. ‘डंजन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जागेत रिको वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन हे ‘ऑर्गनाइझ्ड नॉइझ’ नावाचे त्रिकूट संगीत तयार करी; आउटकास्ट, ‘गुडी मॉब’ आणि इतर अनेक जण तिथेच लिहीत, ऐकत आणि एकमेकांच्या ओळींवर टीका करीत. पहिल्या अल्बमचे संगीत या त्रिकुटाचे होते. ‘ॲक्वेमिनाय’पर्यंत आंद्रे आणि बिग बॉय यांनी मिस्टर डीजे या साथीदाराबरोबर बहुतांश निर्मिती स्वतःकडे घेतली होती, आणि फरक तिथूनच सुरू झाला.

तो फरक कानाने कसा ओळखायचा, ते सांगतो. न्यूयॉर्कच्या रॅपची पारंपरिक पद्धत म्हणजे एखाद्या जुन्या रेकॉर्डमधला काही सेकंदांचा तुकडा उचलायचा, त्याला फिरवत राहायचे आणि त्यावर ढोलाचा ठोका चढवायचा. तुकडा छोटा, त्यामुळे गाणे घट्ट विणलेले राहते आणि सगळे लक्ष शब्दांकडे जाते. ‘ॲक्वेमिनाय’मध्ये स्टुडिओत प्रत्यक्ष वादक बोलावलेले आहेत. प्रेस्टन क्रम्पचे बेस गिटार, भोंग्यांचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांचा, ताफा, ध्वनिक गिटार, पियानो अशी वाद्ये एकच तुकडा गिरवत बसत नाहीत. ती वाटेत थोडी बदलतात, थांबतात, पुढच्याला जागा देतात. शिवाय दक्षिणेकडच्या शहरांत माणूस भुयारी रेल्वेत कमी आणि मोटारीत जास्त असतो, गाणी मोटारीतल्या मोठ्या स्पीकरवर ऐकली जातात, म्हणून खालचे, छातीत घुमणारे सूर फार विचारपूर्वक बसवलेले आहेत. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हा अल्बम ऐकणाऱ्याला त्याचा निम्मा ऐवज मिळतच नाही.

‘स्पॉटीऑटीडोपालिशस’ हे या पद्धतीचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. सात मिनिटांच्या या गाण्यात रूढ अर्थाने रॅप जवळपास नाहीच. भोंग्यांची एक चार-दोन सुरांची आळसावलेली ओळ पुनःपुन्हा येते, स्लीपी ब्राउन उंच आवाजात गातो आणि मधल्या जागेत आंद्रे व बिग बॉय गप्पा मारल्यासारखे बोलतात. आंद्रे रात्री तीनच्या सुमाराच्या क्लबचे वर्णन करतो: कानाशी एक मुलगी गुणगुणते आहे, आवडीचे गाणे लागल्यामुळे गर्दी चेकाळली आहे, आणि बाहेर मारामारीत जखमी झालेल्यांना रुग्णवाहिकेत घातले जाते आहे. बिग बॉय मग आपली प्रेयसी पहिल्यांदा भेटली तो दिवस सांगतो; तिच्या गळ्याचा वास त्याला जास्तीचा पाक घातलेल्या रताळ्यांसारखा वाटतो. श्रोता या सुखात पुरता विसावला की गोष्ट वळते. मूल होते, जबाबदारी येते, तो पोस्टात आणि पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीत अर्ज करतो, पण अमली पदार्थांच्या लघवी-तपासणीत अडकल्यामुळे कोणी उलट बोलावत नाही, आणि सुटकेची वाट दिसत असतानाच माणूस जुन्या धंद्यात परत ढकलला जातो. आवाज चढत नाही, संगीत बदलत नाही, भोंगे त्याच आळसाने वाजत राहतात. दारिद्र्यावरच्या कित्येक आवेशपूर्ण गाण्यांपेक्षा हे गाणे मला अधिक खरे वाटते, कारण त्यात कोणालाही दोषी ठरवण्याची घाई नाही. त्या भोंग्यांची ओळ बियॉन्सेने २०१६ मध्ये ‘लेमोनेड’ या अल्बममधल्या ‘ऑल नाइट’ या गाण्यात पुन्हा वापरली, तेव्हा त्या ओळीचे वय झाल्याचे कोणालाही जाणवले नाही.

अल्बमचे दुसरे बळ म्हणजे दोन आवाजांतला फरक. ॲक्वेरियस आणि जेमिनाय, म्हणजे बिग बॉयची कुंभ आणि आंद्रेची मिथुन रास, यांची नावे जोडून अल्बमचे शीर्षक तयार केलेले आहे. गंमत अशी की शीर्षकगीताचे ध्रुवपद मात्र सूर्यही मावळतो, नायकही मरतात आणि राशिभविष्ये पुष्कळदा खोटी ठरतात असे बजावते. बिग बॉय शब्दांची पेरणी दाट करतो. एका मात्रेत तीन-तीन अक्षरे बसवून, ठोक्याच्या किंचित पुढे-मागे खेळत तो अशा सफाईने ओळ संपवतो की वेगामुळे अर्थ निसटला तरी लय निसटत नाही. आंद्रेची ओळ लांबते, मध्येच प्रश्न विचारते, कधी यमक टाळते आणि वाक्य संपले असे वाटत असतानाच पुढे सरकते. एव्हाना आंद्रेचे कपडे आणि वागणे इतके बदलले होते की तो नशा करतो का, एखाद्या पंथात गेला का, समलिंगी आहे का, गट कधी फुटणार, अशा वावड्या उठल्या होत्या. ‘रिटर्न ऑफ द जी’ या गाण्यात त्या सगळ्यांना रोखठोक उत्तर आहे. गाण्याच्या शेवटी रेकॉर्डच्या दुकानातला एक छोटा प्रसंग येतो आणि त्यात एक गिऱ्हाईक कुरकुरते की हे लोक आधी छानछोकीचे होते, मग परग्रहावरचे झाले, आता मी यांना ऐकत नाही. स्वतःवरची टीका स्वतःच्याच अल्बममध्ये इतक्या खिलाडूपणे मांडणारे गट थोडे.

दोघांतला हाच फरक ‘द आर्ट ऑफ स्टोरीटेलिंग’च्या पहिल्या भागात सर्वांत परिणामकारक ठरतो. बिग बॉय एका भेटीची चावट, हलकीफुलकी गोष्ट सांगतो. त्यानंतर आंद्रे सॅशा थंपर नावाच्या बालमैत्रिणीची आठवण काढतो. दोघे चांदण्यात गप्पा मारत असतात, मोठेपणी काय व्हायचे असे तो विचारतो, आणि ती म्हणते, जिवंत. पुढच्या काही ओळींत ती एका शाळेच्या मागे दंडात सुई खुपसलेल्या अवस्थेत सापडते. बाळंतपणाला दोन महिने राहिलेले असतात. हे सारे एका कडव्यात उरकते. कथा कुठे थांबवायची आणि कोणता तपशील एकदाच सांगून सोडून द्यायचा, याची जाण इथे उत्तम लघुकथाकाराच्या तोडीची आहे. याच गाण्याचा दुसरा भाग जगाच्या अंताविषयी आहे आणि त्यात दोघे शेवटचे एक गाणे मुद्रित करायला डंजनकडे धावतात. कल्पना भव्य आहे, पण पहिल्या भागातली नजर तिथे नाही.

‘रोझा पार्क्स’ हे सर्वांत लोकप्रिय गाणे गुण आणि दोष यांच्या मध्यावर उभे आहे. संगीताच्या बाजूने ते निर्दोष म्हणावे असे आहे: ध्वनिक गिटार, टाळ्या, जमिनीवर आपटणारे पाय, आणि मध्येच आंद्रेचे सावत्र वडील पाद्री रॉबर्ट होडो यांनी वाजवलेला तोंडाच्या बाजाचा तुकडा. खेड्यातल्या नाचाची ही चाल रॅपमध्ये आणणे म्हणजे ज्या गावंढळपणावरून हसले जात होते, तोच दिमाखात मिरवणे होय. शब्दांच्या बाजूने मात्र गाण्याचा रोझा पार्क्स यांच्याशी संबंध एवढाच, की बसमध्ये मागे जाऊन बसा असे आउटकास्ट आपल्या प्रतिस्पर्ध्यांना सांगतात. १९५५ मध्ये माँटगोमेरीतल्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देऊन अटक झालेल्या आणि आता वृद्ध झालेल्या त्या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने १९९९ मध्ये नावाच्या वापराविरुद्ध दावा लावला आणि २००५ मध्ये तडजोड होईपर्यंत तो चालला. तडजोडीत गटाने चूक कबूल केली नाही, पण पार्क्स यांच्या जीवनाविषयीच्या शैक्षणिक उपक्रमांना साह्य करण्याचे मान्य केले. कायद्याने काहीही ठरो, एवढे जड नाव शीर्षकात वापरून गाण्यात फक्त बढाई मारणे हा हलगर्जीपणा आहे असे मला वाटते. गाणे आवडते आणि शीर्षक खटकते, अशी माझी स्थिती आहे.

आता ओझ्याकडे. १९९० च्या दशकात अल्बम सीडीवर विकले जात, सीडीत सुमारे ७४ ते ८० मिनिटे मावत, आणि ग्राहकाने पूर्ण किंमत मोजली आहे तर तबकडी भरलेली हवी असा कंपन्यांचा आणि कलाकारांचाही समज होता. त्या काळातले बहुतेक रॅप अल्बम यामुळेच फुगलेले आहेत. ‘ॲक्वेमिनाय’ जवळपास ७५ मिनिटांचा आहे आणि तो एका तासात बसला असता तर कोणाचेही नुकसान झाले नसते. ‘सिंथेसायझर’ या गाण्यात यंत्रांवर विसंबणाऱ्या, कृत्रिम होत चाललेल्या जगाविषयीचा विचार आहे आणि फंक संगीताचा दादा माणूस जॉर्ज क्लिंटन पाहुणा म्हणून आला आहे. पण विचार घोषणेपलीकडे जात नाही आणि क्लिंटनचा आवाज गोंगाटात हरवतो. ‘वेस्ट सवाना’ हे बिग बॉयच्या बालपणीच्या वस्तीवरचे गाणे पहिल्या अल्बमच्या वेळचे शिल्लक राहिलेले आहे. गाणे वाईट नाही, परंतु चार वर्षांपूर्वीचा आवाज आणि चार वर्षांपूर्वीची समज घेऊन ते मध्येच उभे राहते आणि दोघांनी मधल्या काळात किती मजल मारली हे नकळत दाखवून देते. ‘स्लंप’ आणि ‘यॉल स्केर्ड’ यांत डंजनच्या मित्रमंडळींना भरपूर जागा दिली आहे. सगळ्यांना सोबत घेऊन पुढे जाण्याची वृत्ती माणूस म्हणून कौतुकाची आहे. श्रोता म्हणून मात्र आंद्रेविना गेलेली मिनिटे जाणवतात.

स्त्रियांविषयीची दृष्टी हा अधिक गंभीर मुद्दा आहे आणि चाहते त्यावर पांघरूण घालतात. सॅशा थंपरला माणूस म्हणून पाहणारा अल्बम त्याच गाण्याच्या पहिल्या कडव्यात दुसऱ्या मुलीला नावासकट विनोदाचा विषय करतो. ‘मामासिटा’ हे स्त्री-पुरुषांच्या ओढाताणीवरचे गाणे त्याहून कच्चे आहे. त्यात ना कथा आहे ना विनोद, नुसती कुरबूर आहे, आणि एका स्त्री रॅपरला कडवे दिल्यामुळे गाण्याचा तोल सावरत नाही. त्या काळच्या रॅपमध्ये याहून कितीतरी ओंगळ बोलले जात होते, हा बचाव खरा असला तरी तो पुरेसा नाही, कारण आउटकास्टने स्वतःच मोजपट्टी उंच करून ठेवली आहे. ज्याला मैत्रिणीच्या एका शब्दातून अख्खे आयुष्य दाखवता येते, त्याच्याकडून आळशी ओळ खपवून घेणे अवघड जाते.

‘लिबरेशन’विषयी समीक्षकांत आणि श्रोत्यांत दोन तट आहेत. पावणेनऊ मिनिटांच्या या रचनेत पियानो आणि तालवाद्यांवर सी-लो, एरिका बडू आणि आंद्रे गातात, शेवटी बिग रूब आपले गद्य-काव्य म्हणतो, आणि मुक्ती या विषयाभोवती सगळे फिरत राहतात. काहींना तिच्यात चर्चमधल्या सामूहिक गायनाची उंची दिसते, काहींना ती अल्बमच्या शेवटाकडे आलेली, पाय ओढत चालणारी रचना वाटते. मी पहिल्या तटातला आहे, पण दुसऱ्यांचे म्हणणे समजू शकतो: ज्या श्रोत्याने ‘मामासिटा’ आणि ‘सिंथेसायझर’वर आपला संयम आधीच खर्च केला आहे, त्याच्याजवळ ‘लिबरेशन’साठी तो उरतच नाही. म्हणजे लांबीचा तोटा कमकुवत गाण्यांपुरता मर्यादित राहत नाही, तो चांगल्या गाण्याच्याही वाट्याला येतो. याउलट त्याच्या जरा आधी येणारे ‘नॅथॅनिएल’ पाहा. तुरुंगातून दूरध्वनीवर म्हटलेले, कोणत्याही वाद्याविना असलेले, जेमतेम एका मिनिटाचे ते कडवे आहे. तारेतून येणारा खरखरीत आवाज, वेळ संपत आल्याची घाई, आणि लगेच ‘लिबरेशन’चा पियानो. ही मांडणी मात्र अगदी हिशेबाने केलेली आहे.

मराठी वाचकाला हा अल्बम प्रथमच ऐकायचा असेल तर भाषेची अडचण येणार हे धरून चालावे. अटलांटाची बोली, तिथल्या रस्त्यांची आणि मोटारींची नावे, शिव्या, अमली पदार्थांचे उल्लेख हे सगळे पहिल्या ऐकण्यात कळत नाही, आणि शब्द समोर ठेवून ऐकण्यात काही कमीपणा नाही. चांगले हेडफोन घ्यावेत. सुरुवात ‘रिटर्न ऑफ द जी’पासून करून शीर्षकगीतापर्यंत सलग जावे, तेथून ‘स्टोरीटेलिंग’चा पहिला भाग, ‘स्पॉटीऑटीडोपालिशस’, ‘नॅथॅनिएल’, ‘लिबरेशन’ आणि ‘चाँकीफायर’ असा टप्पा घ्यावा. वाटेत लागणारे ‘सिंथेसायझर’ पहिल्या फेरीला खुशाल ओलांडावे, आणि ‘मामासिटा’ तर दुसऱ्या फेरीलाही.